साचा आणि सांधा

आमच्या घरी सागवानाची एक जुनी पेटी आहे. लांबी सुमारे दीड हात, उंची वीतभर, पुढे पितळेची कडी. आमच्या आजोबांनी ती स्वतःच्या हातांनी केली. अहमदनगर येथे, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या मिशनने तेथे हस्तव्यवसायाचे शिक्षणही देण्यास आरंभ केला. आजोबा तरुणपणी तेथे सुतारकाम शिकले आणि पुढे पोटासाठी त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या आपल्या छत्रपती संभाजीनगरास, येऊन राहिले. पेटीत घरातील दाखले, जुनी पत्रे आणि त्यांची थोडी हत्यारे आहेत. कोपऱ्यांतील सरस केव्हाच सुकून भुकटी झाला आहे. अंगठ्याने दाबले असता कोपरा किंचित हालतो. परंतु मराठवाड्यातील इतके कडक उन्हाळे आणि इतके पावसाळे सोसूनही त्या पेटीची एकही फळी आजवर सुटलेली नाही.

याचे कारण तिच्या सांध्यात आहे. एका फळीच्या टोकाशी पंख्याप्रमाणे पसरलेल्या लहान लहान शेपट्या कापलेल्या असतात. दुसऱ्या फळीच्या टोकाशी त्याच मापाच्या खाचा असतात. शेपट्या खाचांत बसवल्या की त्या एकाच दिशेने बाहेर निघू शकतात. दुसऱ्या दिशेने कितीही ओढा, शेपटीचे रुंद टोक खाचेच्या अरुंद तोंडातून येत नाही. इंग्रजांनी पारव्याच्या शेपटीवरून या सांध्यास ‘डव्हटेल’ असे नाव दिले आणि आपले सुतारही आता तेच नाव उच्चारतात. प्राचीन मिसर देशातील थडग्यांतून निघालेल्या लाकडी सामानातही हा सांधा आढळतो. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे आडव्या अंगाने फुगते व आकसते, लांबीने जवळजवळ मुळीच नाही. या सांध्यात दोन्ही फळ्यांचे आडवे अंग एकाच दिशेस असते. म्हणून त्या दोघी बरोबर फुगतात, बरोबर आकसतात आणि एकमेकींस फाडीत नाहीत. सरसाने हात टेकले तरी आकार सोडीत नाही, हे त्या सांध्याचे मर्म होय.

आम्ही शाळेत गणित शिकवतो. परंतु घरच्या वारशामुळे आठवड्यातून एक तास चालणाऱ्या सुतारकामाच्या वर्गाची जबाबदारीही बरीच वर्षे आमच्याकडेच आहे. या वर्गातून सुतारच तयार व्हावेत अशी कोणाचीच अपेक्षा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन देशात ऑटो सालोमन यांनी शिक्षकांना हस्तकाम शिकवताना हेच सांगितले आणि १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली तेव्हा तिच्याही मुळाशी हाच विचार होता की, हात शिकला म्हणजे मनही शिकते. आम्हांस हे मत मान्य होते. किंबहुना गरजेपेक्षा जरा अधिकच मान्य होते, असे आता म्हणावे लागते.

कारण आमच्या मनात एक अभिमान दडलेला होता. डव्हटेल सांधा हाताने कापावयाचा असतो, हा आमच्या घरचा जणू धर्मच होता. गुण्याने रेघ आखावी, तिरकस खुणा कराव्यात, बारीक दातांच्या करवतीने रेघेच्या टाकाऊ बाजूस काप घ्यावा, मग पटाशी उभी धरून लाकडी हातोड्याने हलके हलके ठोके देत मधला भाग काढावा. एक कोपरा नीट बसविण्यास नवशिक्यास दोन-तीन तास सहज लागतात. जो हे करी तो आमच्या लेखी खरा विद्यार्थी. आजोबांनी आयुष्यभर साच्याचा आधार घेतला नाही, असे आम्ही दरवर्षी नव्या मुलांस मोठ्या तोऱ्याने सांगत असू.

या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्याचे दोन्ही हात लहानपणापासून किंचित कापतात. लेखणी तो कशीबशी धरी. करवत रेघेवर ठेवली की ती रेघ सोडून जाई. पटाशी धरली की तिची धार जागच्या जागी नाचे. पहिल्याच महिन्यात पटाशी निसटून त्याच्या अंगठ्यास लागली. जखम मोठी नव्हती. परंतु त्या दिवशी आम्ही त्याच्या हातातून पटाशी घेतली ती परत दिली नाही. त्यास काचकागद दिला आणि इतर मुलांनी केलेल्या वस्तू घासून गुळगुळीत करण्याचे काम नेमून दिले. आपण त्याच्यावर दया करीत आहोत अशी आमची प्रामाणिक समजूत होती. वर्षभर तो काही न बोलता दुसऱ्यांच्या पेट्या घासत राहिला. सत्राच्या अखेरीस प्रत्येक मुलाने आपापली पेटी घरी नेली. तो मात्र अंगावरचा भुसा झाडून रिकाम्या हातांनी गेला. त्या वेळी ही गोष्ट आमच्या ध्यानातही आली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढील वर्षी शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी कार्यशाळेस एक राउटर व डव्हटेल सांधे कापण्याचा साचा भेट दिला. राउटर हे विजेवर चालणारे हातयंत्र. त्याच्या पोटाखालचे पाते मिनिटास वीस-पंचवीस हजार फेरे घेते. साचा म्हणजे फणीसारखे दाते असलेली एक जाड पट्टी, आणि तिच्याखाली फळ्या आवळून धरणारे दोन दांडे. एक फळी पुढे उभी आवळतात, दुसरी तिच्या माथ्याशी आडवी. दोघींच्या आतल्या बाजू बाहेर ठेवतात आणि एक फळी दुसरीपेक्षा अर्ध्या घराने सरकवून घेतात. यंत्राच्या तळाशी पात्याभोवती एक धातूचे कडे असते. ते कडे फणीच्या दात्यांना चिकटून आतबाहेर फिरले की पाते एकाच फेरीत उभ्या फळीत शेपट्या आणि आडव्या फळीत खाचा कापून जाते. पात्याची बाजू सरळ नसते. ती १४ अंशांनी तिरकी, खाली रुंद व वर निमुळती असते. हाताने एक कोपरा होण्यास जो वेळ लागे त्यात यंत्राने आठ-दहा सहज होतात.

हे यंत्र आम्हांस मनातून मुळीच रुचले नाही. तथापि देणगीदारांचा मान राखणे भाग होते. त्याच सुमारास प्रयोगशाळेतील भिंगे ठेवण्यासाठी आठ पेट्या हव्या होत्या. वाळूजच्या कारखान्यांत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचे पाइनचे लाकूड स्वस्तात मिळाले. एका शनिवारी दुपारी आम्ही स्वतः यंत्र हाती घेतले, पात्याची खोली अंदाजाने लावली आणि मुलांस यंत्राचा वेग दाखवावा या हौसेने आठही पेट्यांचे कोपरे एका बैठकीत कापून टाकले. चाचणीसाठी टाकाऊ तुकड्यावर एक काप घेऊन पाहावा, एवढाही धीर आम्ही धरला नाही. मग पेट्या जोडण्यास बसलो. आठ पेट्यांचे बत्तीस कोपरे. आणि बत्तीसच्या बत्तीस कोपरे सारखेच ढिले! फळी नुसती उचलली तरी सांधा गळून पडे.

मुले हसली नाहीत, हा त्यांचा विनय. आम्ही मात्र संधी साधून म्हणालो, “पाहिलेत? यंत्राच्या नादी लागले की असे होते. हाताने केले असते तर ही वेळ आली नसती.”

तेव्हा काचकागद घेऊन कोपऱ्यात बसलेला तो मुलगा उठला. गळून पडलेला एक कोपरा त्याने हाती घेतला, जोडून पाहिला, हालवून पाहिला आणि हळूच म्हणाला, “सर, हाताने चुकलो असतो तर बत्तीस वेळा वेगवेगळे चुकलो असतो. हे सगळे एकसारखे चुकले आहेत. म्हणजे चूक एकच आहे.”

हे वाक्य ऐकून आम्ही निरुत्तर झालो. गणिताचे शिक्षक आम्ही. आणि गणित त्याने पाहिले. कागद घेऊन तो बसला. पाते खाली रुंद व वर निमुळते आहे. तेव्हा ते जितके खोल जाईल तितके दोन शेपट्यांमधील खाचेचे तोंड अरुंद होईल आणि शेपटीचे टोक तितकेच रुंद होईल. ज्या खाचेत शेपटी बसावयाची तिची तळाची रुंदी मात्र पात्याच्या रुंदीइतकीच राहील. मग खोली १ मिलिमीटरने वाढवली तर काय होईल? १४ अंशांचा टॅन्जंट सुमारे ०.२५, दोन बाजूंचे मिळून ०.५. अर्थात खोली १ मिलिमीटर वाढली की ढिलाई अर्ध्या मिलिमीटरने कमी होते. आम्ही कोपऱ्यातील फट मोजली. ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी भरली. पाते पाऊण मिलिमीटर खाली उतरवून टाकाऊ तुकड्यांवर एक काप घेतला. तुकडे हाताच्या दाबाने अर्धे बसले आणि लाकडी हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसले. उलटे धरून हालवले, सुटले नाहीत.

यानंतर जे घडावयास हवे होते ते आम्ही एक वर्ष उशिराने घडविले. डोळ्यांस चष्मा व कानांस आवरण बांधून आम्ही त्या मुलास साच्यापुढे उभे केले आणि त्याच्या मागे उभे राहिलो. पाइनचे लाकूड ठिसूळ. एकदम काप घेतला तर कडेचे तंतू ढलप्यांसह उपटून येतात. म्हणून आधी कडेने एक उथळ काप घ्यावा, मग एकेका घरात शिरावे. आणि पाते फिरत असता यंत्र कधीही वर उचलू नये, नाही तर पाते व साचा दोन्ही एका क्षणात जातात, हे त्यास समजाविले. त्याने दोन्ही मुठी घट्ट धरल्या. यंत्राच्या वजनाखाली हातांचा कंप दबला; जो उरला तो कड्याने दात्यांच्या आत अडवून धरला. भुसा उडाला, आवाज थांबला. त्याने फळ्या सोडवल्या, जोडल्या आणि कोपरा आमच्यापुढे धरला. आम्ही तो हाती घेतला तेव्हा थरथर त्याच्या हातांस होतीच. परंतु सांध्यात तिचे चिन्हही नव्हते.

जुन्या फळ्यांची बिघडलेली टोके कापून टाकावी लागली. त्यामुळे पेट्या ठरल्यापेक्षा दोन बोटे आखूड झाल्या. भिंगे मावली, हे नशीब.

दिवाळीनंतर वर्गाची सहल वेरूळास गेली. शहरापासून अंतर सुमारे ३० किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तेथील दहाव्या क्रमांकाचे लेणे विश्वकर्म्याचे म्हणून प्रसिद्ध आहे; आसपासचे लोक त्यास सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमाराचे हे बौद्ध चैत्यगृह. आत स्तूपापुढे बुद्धांची भव्य मूर्ती आहे. छताकडे पाहिले की एखाद्या उलट्या नौकेच्या पोटात उभे आहोत असे वाटते. कारण कमानदार छतास लाकडी घराच्या वाशांसारख्या फासळ्या आहेत, आणि त्या सर्व दगडाच्या आहेत. तो मुलगा बराच वेळ मान वर करून उभा होता.

“सर, या फासळ्या काही पेलतात का?”

“काही नाही. डोंगरच स्वतःला पेलतो.”

“मग इतकी मेहनत करून कोरल्या कशाला?”

आम्ही त्यास कार्ल्याच्या चैत्याची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यातील त्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेल्या लाकडी फासळ्या आजही छताशी आहेत. तेथे लाकूड दगडास येऊन मिळाले. पुढे येथे लाकूड गेले, पण त्याचा आकार राहिला. पूर्वी सुतारांनी जे बांधले त्याचा साचा पाथरवटांच्या मनात इतका पक्का बसला होता की, डोंगर खोदतानाही त्यांचे हात त्याच वळणाने गेले. हे बोलत असता आमचे आम्हांसच नवल वाटले. साचा म्हणजे यंत्रयुगाने आणलेली आळशांची सोय, असे आम्ही मानीत होतो. वस्तुतः आधीच्या हातांनी कमावलेले ज्ञान पुढच्या हातांस पोहोचविण्याची ती एक रीत आहे. ती मनात असो, लाकडात असो वा धातूच्या फणीत असो.

तरीही आजोबांविषयीचा आमचा तोरा कायम होता. तो पुढल्या महिन्यात उतरला. आजोबांची पेटी पाहावी म्हणून तो मुलगा एका रविवारी आमच्या घरी आला. पेटी त्याने डोळे भरून पाहिली, कोपरे मोजले. निघताना त्याचे लक्ष दाराकडे गेले. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तेथे आम्ही वर्षानुवर्षे शिसवीचा एक लहानसा तुकडा पाचरीसारखा खुपसून ठेवतो. हत्यारांबरोबर तो पेटीत मिळाला होता. दारास नेमका बसला म्हणून दाराकडे गेला. मुलाने तो उचलला, धूळ पुसली, उलटसुलट पाहिला. त्याची एक कड दुसरीशी काटकोनात होती आणि तिसरी किंचित तिरकी. त्याने खिशातून पट्टी काढून माप घेतले.

“सर, आठास एक. आणि पेटीच्या शेपट्यांचा उतारही आठास एकच आहे.”

त्याने तो तुकडा पेटीच्या कोपऱ्याशी धरला. तिरकी कड प्रत्येक शेपटीच्या रेषेशी तंतोतंत जुळली. कठीण लाकडात आठास एक, मऊ लाकडात सहास एक असा उतार धरावा, हे सुतारांचे जुने प्रमाण आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत असू. परंतु आजोबा ते प्रमाण कशाने आखीत असत, हा प्रश्न आम्हांस कधी पडलाच नाही. आजोबांजवळही साचा होता! त्यांनी तो जपला. आणि नातवाने त्याची दारास पाचर केली.

असो. यावरून हाताचे काम व्यर्थ झाले असा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या साच्याच्या शेपट्या सर्व एका मापाच्या व एका अंतराच्या निघतात. आजोबांच्या पेटीत दोन शेपट्यांमधील खुंट्या सुईसारख्या बारीक आहेत, त्या या यंत्राच्या पात्यास साधणार नाहीत. शिवाय ज्याने एकदा तरी पटाशीने कोपरा बसविला आहे त्यासच ढिला सांधा व घट्ट सांधा यांतील फरक बोटांनी कळतो. म्हणून आजही वर्गात प्रत्येक मुलास प्रथम हाताने एक कोपरा करण्यास सांगतो. तो वाकडा झाला तरी चालतो. त्या मुलानेही टाकाऊ फळीवर, पटाशी शिकंज्याच्या आधाराने धरून, एक कोपरा केला. त्यास चार तास लागले. तो वेडावाकडा आहे. परंतु तो त्याने कोणास घासू दिला नाही.

यंत्राने आम्हांस जे शिकविले ते मात्र लाकडापुरते राहिले नाही. साचा कोणाचीही चूक सुधारत नाही. जशी खोली लावून द्याल तशी तो निष्ठेने उतरवीत जातो. एकदा बरोबर लावला तर कापऱ्या हातासही बळ देतो. एकदा चुकीचा लावला तर बत्तीस कोपरे बिघडवितो आणि त्यास त्याचे काहीच वाटत नाही. आम्ही शिक्षकही एका अर्थी साचेच आहोत. वर्षामागून वर्षे तेच शब्द, तीच मापे, तेच ‘हा मुलगा हुशार, हा मुलगा बेताचा’ असे निर्णय आमच्या तोंडून निघतात आणि कोवळी मने त्या दात्यांतून फिरतात. सुताराजवळ खोली तपासून पाहण्यासाठी टाकाऊ तुकडा असतो. शिक्षकाजवळ तसा तुकडा नसतो. आमचा पहिला काप खऱ्या लाकडावरच पडतो. एका मुलाच्या बाबतीत आमची खोली वर्षभर चुकलेली होती. त्या एका वर्षाची टोके कापून ते पुन्हा जोडता येत नाही. त्याची पेटी दोन बोटे नव्हे, एक वर्ष आखूड झाली.

त्या मुलाने या वर्षी शाळा सोडण्यापूर्वी शिसवीचा तुकडा पाहून तसाच दुसरा केला व आम्हांस दिला. आजोबांचा मूळ तुकडा आम्ही पेटीत परत ठेवला आहे. दारास आता दगड लावतो. बिघडलेल्या चौसष्ट टोकांपैकी एक जोडी खडू ठेवण्याच्या डब्याशेजारी आमच्या मेजावर असते. वर्गात एखाद्या मुलाविषयी कायमचे मत बनविण्याचा मोह झाला की आम्ही ती जोडी उचलतो, जोडतो आणि हालवून पाहतो.